अपडेट लावण्याआधी घरचा कॉम्प्युटर कसा तयार करावा

प्रश्न थोडक्यात असा. शिरपूर तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंकडे २०१९ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. नवव्या पिढीचा आय३, आठ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी आणि आधीच्या कॉम्प्युटरमधून काढून लावलेली एक टीबीची हार्डडिस्क. विंडोज १० आहे. मागे एकदा अपडेट चालू असतानाच लाईट गेली, नंतर बराच वेळ काळी स्क्रीन होती, शेवटी आपोआप सुरू झाला. त्या धास्तीने त्यांनी ओळखीच्या एका मुलाकडून अपडेट बंदच करून घेतलं. आता कॉम्प्युटर विंडोज ११ घ्या म्हणतोय. आत शाळेच्या प्रश्नपत्रिका आहेत, मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत आणि मिस्टरांच्या कृषी सेवा केंद्राचा टॅलीतला हिशेब आहे. त्या विचारतात, आधी काय करून ठेवू म्हणजे अडचण येणार नाही, की सरळ फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून घेऊ?

ताई, फॉरमॅटचं आधी सांगतो, कारण तिथे घाई झाली तर पुढच्या सगळ्या तयारीला अर्थ उरत नाही. आत्ता फॉरमॅट मारू नका. विंडोज १० वरून ११ वर जाताना फाइल्स, प्रोग्रॅम, प्रिंटर, फॉन्ट सगळं जागेवर ठेवून वर जाता येतं. फॉरमॅट केला की टॅली पुन्हा टाकून चालू करणं आलं, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधणं आलं, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात अवघड म्हणजे जुने मराठी फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या काळातल्या प्रश्नपत्रिका ज्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड काला दिसतो. तो फॉन्ट आता कुठे मिळेल याची खात्री नसते. म्हणून आजच सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यातले तुमच्या वापरातले मराठी फॉन्ट कॉपी करून वेगळे ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या प्रश्नात दोन भीती एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, अपडेट मध्येच अडकेल. दुसरी, आतलं सगळं जाईल. अपडेट अडकलं तर एक-दोन दिवसांची गैरसोय होते. मुलीचे फोटो गेले तर ते कोणीच परत आणून देत नाही. तुमच्या खऱ्या अडचणीची मांडणी मी अशी करेन: लाईटचा भरवसा नाही, एक डिस्क जुनी आहे, सी ड्राइव्ह लहान आहे, अशा मशिनवर मोठं अपडेट लावायचं आणि मध्ये काहीही झालं तरी काही गमवायचं नाही.

इतकी वर्षं जळगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. धडधाकट मशिन अपडेटने बिघडलं असं फार क्वचित होतं. पण अपडेट त्या मशिनला एरवी वर्षभर न पडणारा ताण देतं. तास-दीड तास डिस्कवर सलग लिहिणं-वाचणं चालतं, प्रोसेसर तापतो, दोन-तीन वेळा रीस्टार्ट होतो. जी जागा आधीच कमकुवत होती, मग ती डिस्क असो, यूपीएसची बॅटरी असो की धुळीने बुजलेला पंखा, ती नेमकी त्या तासाभरात दगा देते आणि नाव अपडेटचं होतं. तयारी करायची ती ही जागा आधी हुडकण्यासाठी. कोणाकडे ती कुठे असेल हे लाईट, नेट आणि मशिनचं वय यांवर अवलंबून आहे, त्यामुळे मी सांगतोय त्यातलं काही तुम्हाला लागू पडणार नाही, ते सोडून द्या.

सुरुवात कॉपीपासून. आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारं वाक्य म्हणजे "महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला टाकलंय." डी ड्राइव्हला टाकणं म्हणजे बॅकअप नाही. बऱ्याच घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात. तुमच्याकडे डी वेगळी आहे, पण ती तर सगळ्यात जुनी वस्तू आहे. बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवता येईल अशी दुसरी कॉपी. बाहेरून लावायची हार्डडिस्क घ्या, एक टीबीची पुरेल. एवढा खर्च नको असेल तर निदान प्रश्नपत्रिका आणि टॅली चांगल्या पेनड्राइव्हवर घ्या, पण फोटोंसाठी पेनड्राइव्हवर विसंबू नका.

कॉपी करताना लोक डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स एवढंच घेतात. त्याच्या बाहेर काय काय राहतं ते बघा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल्स प्रत्यक्षात सी ड्राइव्हवरच असतात. शाळेच्या ग्रुपवरून आलेली कागदपत्रं डाउनलोड्समध्ये पडलेली असतात. टॅलीचा डेटा बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये नसतोच. टॅलीत कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पाथ दिसतो, तो लिहून घ्या, टॅली बंद करा आणि ते अख्खं फोल्डर कॉपी करा. शिवाय टॅलीच्या आतला बॅकअपचा पर्याय वापरून आणखी एक घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आठवणीने बघा, विशेषतः बँकेचे आणि शाळेच्या पोर्टलचे. वनड्राइव्ह चालू असेल तर तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये सरकलेले असू शकतात. फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बघितलं की कळतं.

कॉपी झाली की काम संपलं असं समजू नका. ती डिस्क शेजाऱ्यांच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथे चार-पाच फोटो, एक प्रश्नपत्रिका उघडून बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही, फाइल उघडली पाहिजे. मग ती डिस्क काढून ठेवा. अपडेटच्या वेळी ती कॉम्प्युटरला लावलेली नको.

मी यावर इतका जोर का देतो? ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं १८०९ हे अपडेट आलं, तेव्हा काही लोकांच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधल्या फाइल्सच पुसल्या गेल्या. ज्यांनी ती फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती पण जुन्या जागी काही फाइल्स शिल्लक ठेवल्या होत्या, त्यांना हा फटका बसला. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट थांबवलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. असं झालेल्यांची संख्या अगदी थोडी होती, पण त्यांच्यातल्या ज्याच्याकडे दुसरी कॉपी नव्हती त्याला त्या आकड्याचा काय उपयोग? माझ्याकडे बंद पडलेलं मशिन घेऊन येणारा माणूस आधी किमतीचं बोलत नाही. "मना फोटू उडी ग्यात का भाऊ?" हाच पहिला प्रश्न असतो. कपाटात कॉपी असली की तो प्रश्नच उरत नाही आणि बाकी सगळं शांतपणे करता येतं.

आता लाईट. अपडेटचे दोन टप्पे असतात आणि त्यांतला फरक कळला की निम्मी धास्ती कमी होते. पहिल्या टप्प्यात विंडोज चालू असतं, तुम्ही काम करत असता आणि मागे डाउनलोड व तयारी चालते. या काळात लाईट गेली तर पुन्हा चालू केल्यावर बहुतेक तिथूनच पुढे सुरू होतं. दुसरा टप्पा रीस्टार्टनंतरचा, जेव्हा स्क्रीनवर फक्त टक्के दिसतात. जपायचं ते याच वेळेला. तिथेही विंडोज जुनी व्यवस्था लगेच पुसत नाही, ती बाजूला ठेवतं, आणि मध्येच बंद पडलं तर मागे फिरायचा प्रयत्न करतं. तुमच्याकडे काळ्या स्क्रीननंतर आपोआप सुरू झालं ते त्यामुळेच. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर मात्र लिहीत असतानाच वीज गेली की फाइल्सची मांडणी विस्कटू शकते, तो धोका एसएसडीपेक्षा जास्त. तुमचं विंडोज एसएसडीवर आहे, ही जमेची बाजू.

एसएसडीवर दुसरा टप्पा साधारण अर्धा ते एक तास घेतो, जुन्या हार्डडिस्कवर दोन तासही. घरी वापरतात तो ६०० व्हीएचा यूपीएस बॅटरी नवी असताना दहा-पंधरा मिनिटं टिकतो. दोन-तीन वर्षं बदललेली नसेल तर दोन मिनिटंही नाही. चाचणी सोपी आहे. सगळ्या फाइल्स बंद करा, कॉम्प्युटर नुसता चालू ठेवा आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. किती वेळ टिकतो ते घड्याळात बघा. बटण बंद करताच कॉम्प्युटरही विझला तर आधी बॅटरी बदला, अपडेट नंतर.

इन्व्हर्टर असेल तर फार बरं, पण त्यात एक गोम आहे. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस मोड आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. पंखे-दिव्यांसाठी ते नॉर्मलवर ठेवलेलं असतं. त्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जो क्षणभर उशीर लावतो, तेवढ्यात पंखा थांबत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. अपडेटच्या दिवशी ते यूपीएस मोडवर करा. सगळ्यात चांगलं म्हणजे इन्व्हर्टरच्या लाइनवर यूपीएस आणि यूपीएसवर कॉम्प्युटर. मधला क्षण यूपीएस सांभाळतो, पुढचा तास इन्व्हर्टर. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही जोडणी चांगली चालते. जुन्या स्क्वेअर वेव्हवर काही यूपीएस कुरकुर करतात, ते आधी करून बघा. दोन्ही नसेल तर ज्यांचा गावठाणाचा फीडर आहे त्यांनी लाईट सलग टिकते ती वेळ निवडावी. मळ्यातल्या घरात थ्री फेजच्या वेळापत्रकावर अवलंबून राहून हे करू नका. सीपीयू उचलून गावातल्या नातेवाइकांकडे न्या, ते कमी त्रासाचं आहे.

याच संदर्भात आणखी एक सांगून ठेवतो. यूट्यूब बघून कोणी म्हणालं की आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मदरबोर्डवर चालणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट करा, तर विजेचा भरवसा नसताना ते करू नका. विंडोजचं अपडेट मध्येच तुटलं तर सावरता येतं, पण बायोस अपडेट होताना वीज गेली तर बऱ्याच मदरबोर्डांना सरळ दुकानच दाखवावं लागतं.

यानंतर डिस्क आणि जागा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो उघडला की प्रत्येक डिस्कची तब्येत एका शब्दात दिसते: गुड, कॉशन किंवा बॅड. दोन्ही डिस्क तपासा. एक टीबीवाली पिवळ्या रंगात कॉशन दाखवत असेल तर आधी तिच्यावरचा डेटा काढा आणि तिला निवृत्त करा. तशा डिस्कसह अपडेट सुरू केलं तर कित्येकदा विंडोज तिलाच विचारत बसतं आणि टक्के पुढे सरकत नाहीत.

जागेचं तुमच्याकडे नक्कीच दुखणं असणार. १२० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे १११ जीबी दिसते, आणि सहा-सात वर्षांत ती भरतेच. मायक्रोसॉफ्टच्या अटीप्रमाणे विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क हवी. पण जुन्या विंडोजवरून वर जायचं तर मी सी ड्राइव्हवर तीसेक जीबी मोकळी झाल्याशिवाय सुरू करत नाही. विंडोज याहून कमी जागेतही होकार देतं. मी मार्जिन ठेवतो, कारण जुनी व्यवस्था बाजूला ठेवायलाही तीच जागा लागते.

जागा करायला सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. इथे नीट बघा: त्या यादीत डाउनलोड्स हाही एक चौकोन असतो. त्यावर खूण असेल तर ती काढा, नाहीतर शाळेची कागदपत्रं कचऱ्याबरोबर जातील. बाकीचं काढायला हरकत नाही. मोठे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा, रिसायकल बिन रिकामा करा. एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारे क्लीनर टाकू नका. त्यांनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ढवळाढवळ केलेली मशिनं मी सावरलेली आहेत, तेवढी जागा त्यांच्याशिवायही होते.

एक बारीक गोष्ट, जी जुन्या असेंबल मशिनमध्ये हमखास सापडते. सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर तारीख मागच्या एखाद्या वर्षाची दिसते का? दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल संपलाय. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, अपडेटचा सर्व्हरही जोडला जात नाही, आणि माणूस नेटला दोष देत बसतो. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॅबिनेट उघडलंच आहे तर पंख्याखालचं हीटसिंकही बघा. आपल्याकडची धूळ, त्यात जिनिंगच्या जवळ घर असेल तर कापसाचे तंतू, त्यांचा पंख्याखाली नमद्यासारखा थर बसतो आणि हवा जायला जागाच राहत नाही. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा दुपारी बुजलेल्या पंख्यावर अपडेट लावलं तर प्रोसेसर तापून मशिन स्वतःहून बंद होतं. उन्हाळा असेल तर पहाटे सुरू करा.

मशिन विंडोज ११ ला चालतं का, हे मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक सांगतं. इंटेलची आठवी पिढी आणि पुढे साधारण चालते, म्हणजे तुमची नववी बसते. तरीही ते नाही म्हणेल अशी शक्यता आहे, कारण असेंबल बोर्डांवर टीपीएम २.० ची, म्हणजे विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेची, सोय बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ती चालू करणं सोपं आहे. पण सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, लिहिलं असेल तर डिस्कची मांडणी बदलावी लागते. त्याची सोय विंडोजमध्येच आहे, पण हे एक काम मात्र जाणकार माणूस शेजारी बसवून करा. आणि टीपीएमला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून कागदावर लिहून ठेवा. जुन्या विंडोज १० डेस्कटॉपवर ते बहुधा नसतं. मात्र कोरं विंडोज ११ टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की २४एच२ या आवृत्तीपासून ते बऱ्याच मशिनवर आपोआप चालू होतं, आणि लोकांना त्याचा पत्ताच नसतो. फॉरमॅट नको म्हणण्याचं हेही एक कारण.

तुमचं अपडेट त्या मुलाने कसं बंद केलं यावरही थोडं अवलंबून आहे. नुसतं पॉज केलं असेल तर ते पाच आठवड्यांनी आपोआप सुटलं असतं. तसं झालं नाही म्हणजे सर्व्हिसेसमध्ये विंडोज अपडेट डिसेबल्ड केलेलं असणार. ते मॅन्युअल करा, रीस्टार्ट करा. मग रनमध्ये विनव्हर टाकून आवृत्ती बघा. विंडोज अपडेटमधून ११ घ्यायला १० ची २००४ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, आणि १० ची शेवटची २२एच२. जुनी निघाली तर आधी २२एच२ लावा, दोन-चार दिवस वापरा, मग पुढचं. कॉम्प्युटर रोज शटडाऊन करत असाल तरी अपडेटच्या आधी मुद्दाम रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअपमुळे शटडाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट राहिलेली कामं तशीच राहतात.

विंडोज क्रॅक वापरून चालू केलेलं असेल तर ते मला नाही, पण स्वतःशी मान्य करा. ते क्रॅक अपडेटच्या फाइल्सशीच खेळलेले असतात, अशा मशिनवर मी कसलीच खात्री देत नाही. अस्सल विंडोज १० असेल तर ११ मोफत आहे.

नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर रोजच्या दीड-दोन जीबीत हे बसणार नाही. शिवाय कनेक्शन मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून वापरायचं, असेल तर मोठं डाउनलोड आपोआप सुरूही होत नाही. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या विंडोजची एकच फाइल, पेनड्राइव्हवर आणा आणि तुमच्या विंडोजमध्ये उघडून सेटअप चालवा. पर्सनल फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा, हाच पर्याय निवडलेला आहे ना, हे पुढे जाण्याआधी वाचा.

वेळेबद्दल एवढंच, की मायक्रोसॉफ्ट महिन्याची सुरक्षा अपडेट्स दुसऱ्या मंगळवारी सोडतं, आपल्याकडे रात्री उशिरा. महिन्याचं अपडेट मी आठवड्याभरात लावतोच. मोठ्या आवृत्तीला मात्र महिना-दोन महिने उशीर केला तरी चालतो, तोवर सुरुवातीच्या खोडी बाहेर येतात. तुमचं विंडोज १० मात्र आता रेंगाळू देऊ नका. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचं मशिन ११ ला बसतच नाही त्यांना सेटिंग्जमधून नोंद करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स घेता येतात. अटी चुकवून ११ टाकून देणारे बरेच भेटतील, पण टॅली आणि बँकेचं काम असलेल्या मशिनवर मी ते करत नाही. तशा मशिनला पुढची अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

प्रत्यक्ष दिवशी प्रिंटर, पेनड्राइव्ह, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, सगळं यूएसबीतून काढा, फक्त कीबोर्ड-माऊस ठेवा. वेगळा विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्याची लायसन्स की लिहून ठेवून तो काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तेवढा वेळ पुरतो. परीक्षेचे पेपर किंवा जीएसटीची शेवटची तारीख तोंडावर असेल तर तो आठवडा सोडा.

टक्के एका आकड्यावर बराच वेळ थांबले तर घाबरू नका. कॅबिनेटवरचा छोटा लाल दिवा मध्येमध्ये लुकलुकत असेल तर काम चालू आहे. तीन तास दिवाही हलला नाही, आकडाही हलला नाही, तरच पॉवरचं बटण दाबून बंद करा आणि पुन्हा चालू करा. मागे फिरलं आणि कोड दाखवला तर मोबाईलने त्याचा फोटो काढा. शेवटी ८००७००७० असेल तर जागा कमी पडली. सी१९००१०१ असेल तर बहुतेक एखादा ड्रायव्हर आडवा आलाय, तेव्हा वाय-फायचं डोंगल किंवा जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर तिथून शोध सुरू करा. कोड न बघता चार-चारदा पुन्हा लावत बसू नका, दरवेळी तिथेच अडकेल.

नीट चढलं की त्याच दिवशी टॅली उघडून कालची नोंद बघा, एक प्रश्नपत्रिका प्रिंट करा, फोटोंचं फोल्डर उघडा. पटलं नाही तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथून दहा दिवसांच्या आत पुन्हा विंडोज १० वर जाता येतं. ती सोय विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरवर चालते, म्हणून जागा कमी आहे म्हणून ते आधीच पुसू नका. दहा दिवस सगळं ठीक चाललं की टेम्पररी फाइल्समधून प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स काढा, एसएसडीवर वीसेक जीबी जागा परत मिळेल.